हीटर राहू द्या, आधी गाद्या गच्चीवर न्या

आमच्या नाशकात ऑक्टोबरच्या सुमारास दोन गोष्टी एकदम होतात. पाऊस परततो आणि लोक उन्हाच्या नावाने बोटं मोडायला लागतात. मला मात्र ऑक्टोबर हीटचे हे पंधरा-वीस दिवस वर्षातले सगळ्यात कामाचे वाटतात. थंडीत घर उबदार लागायला हवं असेल तर त्याची तयारी डिसेंबरात स्वेटर काढताना नाही, आत्ता घाम पुसता पुसता करायची असते. चार महिने घराने पाणी पिऊन ठेवलेलं असतं. गादीत, गोधडीत, भिंतीत, कपाटाच्या मागच्या फळीत. ते तसंच आत ठेवून वर कितीही पांघरलं तरी अंथरूण गारच लागतं.

मी एसटीत वाहक होतो, 31 वर्षं. त्यातली बरीचशी मुक्कामी गाडीवर. सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवणच्या पलीकडची गावं. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन जायचं, रात्री गावातच थांबायचं, पहाटेची पहिली फेरी घेऊन परत. झोप गाडीतच. जानेवारीत पत्रा इतका गार पडायचा की ड्रायव्हर आणि मी झोपण्याआधी निम्मा तास नुसत्या फटी बुजवण्यात घालवायचो. तिकडे जे कळलं ते साधं आहे. अंगाखालून निघून जाणारी ऊब वरून पांघरून भरून येत नाही. ओलसर जाड पांघरुणापेक्षा कोरडी पातळ चादर बरी. आणि डोळा लागण्याआधी वारा कुठून येतोय ते शोधून काढायचं.

घरातलं हे काम पूर्वी ही करायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून माझ्याकडे आलं. ती पलंगावर बसून सूचना देते, मी गच्ची चढतो-उतरतो.

गोधड्या

रीत अशी की घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं. गावाकडे अजूनही गोधड्यांचे गठ्ठे घेऊन बायका नदीवर जातात. रीत चांगलीच आहे, पण ती जशीच्या तशी फ्लॅटमध्ये पाळायला गेलो आणि फसलो. नवरात्र कधी सप्टेंबरच्या शेवटी येतं, कधी ऑक्टोबरात. पाऊस काही पंचांग बघून परतत नाही. एका वर्षी मी भक्तिभावाने सहा गोधड्या भिजवल्या आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं. पुढचे तीन दिवस त्या जिन्याच्या कठड्यावर, मग पंख्याखाली, मग खुर्च्यांच्या पाठीवर. जो कुबट वास लागला तो काढायला सगळ्या पुन्हा धुवाव्या लागल्या. आता सणाआधी चादरी, अभ्रे, पडदे असं पटकन वाळणारं काय ते धुतो. जाड माल कोजागरीच्या आसपास. तोवर आभाळ बहुतेक निवळलेलं असतं.

आमच्या गोधड्या हिच्या आईने शिवलेल्या. आत जुनी लुगडी, वरून नऊवारीतला धड उरलेला भाग, आणि काठापासून आत आत जाणारा धावदोरा. या मशीनमध्ये घालू नका. साडेसहा किलोचं मशीन म्हणजे कोरड्या कपड्यांचे साडेसहा किलो. भिजलेली गोधडी ड्रम एका अंगाला ओढते आणि जुना दोरा जागोजागी तुटतो. मोठ्या टपात रिठ्याचं पाणी किंवा थोडीशी साबणाची पावडर घालून तासभर भिजवायची, मग पायाने तुडवायची. पिळायची नाही. उतारावर तशीच सोडून द्यायची, पाणी आपलं आपण निथळतं. गोधडीची ऊब थराथरांत अडकलेल्या हवेची असते. पिळून थर गोळा झाले की वजन तेवढं राहतं, ऊब जाते.

वाळत घालताना दोरीवर नको. सगळं पाणी खालच्या काठात उतरतं आणि त्या ओझ्याने शिवण ताणली जाते. गच्चीच्या कठड्यावर किंवा स्वच्छ झाडलेल्या फरशीवर आडवी टाका. दोन दिवसांचं ऊन, दर दोन तासांनी पालटायची.

आता वाळली की नाही हे ओळखायचं कसं? इथेच बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. उन्हातून उचललेली गोधडी नेहमी कोरडीच वाटते, कारण ती गरम असते. पहिल्या वर्षी मी तशीच गरमागरम घडी घालून ट्रंकेत टाकली आणि स्वतःवर खूश झालो. दिवाळी झाल्यावर ट्रंक उघडली तर मधल्या घडीवर करड्या बुरशीचे ठिपके. ही एवढंच म्हणाली, "अहो, पोळी तरी गरम असताना डब्यात बंद करतो का आपण?"

तेव्हापासून मी असं करतो. चारच्या सुमाराला, दव पडायच्या कितीतरी आधी, गोधडी खाली आणतो. घरात खुर्चीवर पाऊण तास पसरून गार होऊ देतो. मग मधोमध, जिथे थर जास्त आहेत तिथे, गाल टेकवतो. तळहात राबून निबर झालेला असतो, त्याला कळत नाही. गालाला लगेच कळतं. आत ओल असेल तर ती गालाची ऊब ओढून घेते आणि त्या जागी गारवा लागतो. लागला की दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्ची.

कापसाच्या गाद्यांना धुणं नाही, पण ऊन आणि मार दोन्ही हवं. आधी दोन्ही बाजूंनी तापवायच्या, मग काठीने झोडायच्या. झोडताना नाकाला रुमाल बांधा. झोडूनही गादीत गोळे लागत असतील तर ती पिंजून घ्यायला झाली. पूर्वी धनुकली खांद्यावर टाकून पिंजारी दारात यायचा, तिच्या तारेचा आवाज अख्ख्या गल्लीत जायचा. आता गादीच्या दुकानात मशीनवर पिंजतात. द्या, पण समोर उभे राहा; आपला कापूस आपल्याच गादीत परत जातोय ना ते बघायला. फोमच्या गादीला मात्र कडक ऊन नको, फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. ती सावलीत, वाऱ्याला, भिंतीला टेकवून उभी करायची.

ज्यांच्याकडे घोंगडी आहे त्यांनी ती धुण्याच्या फंदात पडू नये. झटका, ऊन द्या, पुरे. नव्या घोंगडीला चिंचोक्यांची खळ असते म्हणून ती कडक लागते आणि टोचते. तिच्याखाली एक जुनी सुती चादर घेतली की टोचत नाही. मुक्कामी गाडीत माझी सारी भिस्त तिच्यावर होती, कारण थोडी दमट झाली तरी लोकर ऊब सोडत नाही. सोलापुरी चादर दिसायला आणि पांघरायला छान, पण तीही कापसाचीच. ओल लागली की तीही गार.

ट्रंकेत ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकतात. मला तो वास सहन होत नाही आणि लहान मुलं असलेल्या घरात त्या असूच नयेत. आम्ही कडुलिंबाचा पाला ठेवतो. पण कडकडीत वाळलेला, चुरला तर आवाज यायला हवा असा. अर्धवट वाळलेला पाला म्हणजे आपणच आत ओल नेऊन ठेवल्यासारखं.

भिंती

पंचवटीत भाड्याने राहायचो तेव्हा घर दगड-चुन्याचं होतं. आता आहोत तो तळमजल्याचा फ्लॅट, आणि उत्तरेची भिंत दर पावसाळ्यात फुगते. एका रंगाऱ्याने गणपतीआधी घाई करून तिच्यावर रंग मारून दिला. "वॉटरप्रूफ आहे काका, दहा वर्षं बघायला नको." दिवाळीच्या फराळाला पाहुणे आले तेव्हा पोपडे सोफ्यावर गळत होते. चूक त्याची तेवढीच माझी. ओली भिंत रंगाने झाकली की पाणी आत कोंडतं आणि रंगाला ढकलून बाहेर येतं.

आधी ओल कुठली ते ओळखा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दोन दिवस विसरा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय; बाहेरून गळती शोधा, गवंड्याला बोलवा. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवाच दमट आहे. त्याला खर्च नाही, खिडक्या उघडा.

ऑक्टोबरात दुपारी बारा ते चार सगळं उघडं टाकायचं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची आणि तिथेच राहू द्यायची. कपाटाचे दरवाजेही उघडे. बुरशी असेल तर कोरड्या फडक्याने झटकू नका, सगळ्या घरभर उडते. ओल्या फडक्याला व्हिनेगर लावून पुसा, नाहीतर पाण्यात घातलेलं ब्लीच वापरा. दोन्ही एकत्र कधीही नाही, विषारी वायू होतो. रंगाचं काम डिसेंबर-जानेवारीत काढा. रंगारीही मोकळे असतात.

वारा

पंखे बंद करून, उदबत्ती लावून संध्याकाळी घरभर फिरायचं. देवाला ओवाळतो तशी ती खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या खालून, एसीच्या पाइपच्या भोकापाशी हळूहळू न्यायची. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. मला तर हा खेळ आवडतो. आमच्याकडे पहिल्याच वर्षी सात जागा निघाल्या, त्यातली एक इलेक्ट्रिकच्या बोर्डामागे.

सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना कडेला केसाळ पट्टी असते. ती झिजली की खिडकी लावूनही वारा येतो. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी सरकवायची. खालच्या पट्टीतली बारीक भोकं मात्र बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. दाराखालची फट जुन्या पॅन्टच्या पायात वाळू भरून, दोन्ही तोंडं शिवून बंद करायची. आमची वाळूची पॅन्ट खाकी आहे. कुठली ते सांगायला नको.

एक जागा कधीच बंद करायची नाही. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तिथल्या झरोक्याच्या काचा उघड्याच राहू द्या, कितीही गारठा असो. गॅस जळताना हवा खातो; हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, अंघोळ करणाऱ्याला कळतही नाही. तीच गोष्ट कोळशाच्या शेगडीची. लोक ती रात्री खोलीत घेऊन दार लावून झोपतात. शेकोटी अंगणात, शेगडी ओसरीवर. आत नाही म्हणजे नाही.

ऊन घरात घ्यायचं

सप्टेंबरच्या 22-23 तारखेनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो. जूनमध्ये नाशकात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तो डिसेंबरच्या 22 तारखेला भर दुपारीही क्षितिजापासून साधारण 46-47 अंशांवरच असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवरचा जो छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो, त्याच्याच खालून थंडीत ऊन घरात शिरतं. आपण काय करतो? त्याच खिडकीला जाड पडदा लावून सोफ्याची पाठ तिकडे करतो.

मी दिवाळीनंतर आमच्या बैठकीत फरशीवर खडूने खुणा केल्या. दहा वाजता ऊन कुठे, बारा वाजता कुठे, दोन वाजता कुठे. ही म्हणाली, "घराचं वेळापत्रक लावा आता, फलाट क्रमांकासकट." पण आठवड्यात तिची आरामखुर्ची त्याच खुणांवरून फिरायला लागली. सकाळी तिचे गुडघे उन्हात, दुपारी मेथी निवडायची परात उन्हात. दिवसभर पडदे पूर्ण बाजूला करायचे. फरशी, भिंत, गादी जे काही तापेल ते तापू द्यायचं. सहाच्या सुमाराला दिवस मावळला की लगेच पडदे ओढायचे. अर्धा तास उशीर केला की दिवसभराची कमाई काचेतून गेलीच.

पडद्याला अस्तर लावलं तर फरक पडतो. जुन्या चादरीचं चालतं, शिंपी तासाभरात करून देतो.

पायाखाली

फरशी चकचकीत असली की थंडीत तिच्यावर पाऊल टेकवणं जिवावर येतं. गालिचा घ्यायची गरज नाही. खाली गोणपाट, त्यावर सतरंजी. दोन थर झाले की गारवा वर येत नाही आणि सतरंजी सरकतही नाही. पलंगावरून उतरताना जिथे पाय पडतात तिथे आणि ओट्यासमोर, एवढ्या दोनच जागी घातली तरी निम्मं काम होतं. गाडीत मी अंगाखाली आधी वर्तमानपत्रं, मग पोतं, मग गोधडी घालायचो. वर घोंगडी एकच.

दिवा

ऊब डोळ्यांनाही लागते, हे मला उशिरा कळलं. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली स्वेटर घालून बसलं तरी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं. बल्बच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. 6500 केल्विन म्हणजे पांढरा-निळसर, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर. बैठकीला पिवळसर घ्या आणि तो छताला लावण्यापेक्षा बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा कोपऱ्यात ठेवा. दोन छोटे दिवे एका मोठ्यापेक्षा बरे. वाचायला आणि भाजी चिरायला पांढरा राहू द्या, पिवळ्या उजेडात मेथीतली अळी दिसत नाही.

आकाशकंदील आम्ही तुळशीच्या लग्नानंतर काढत नाही. त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावरही तो गॅलरीत तसाच असतो, आत साधा पिवळा बल्ब घालून. शेजारचे विचारतात. विचारू देत.

हीटर घ्यायचाच असेल तर

घरात तान्हं मूल किंवा फार थकलेलं माणूस असेल तर घ्या. 2000 वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो आणि त्याला नऊएक अँपिअर वीज लागते, म्हणून तो 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा. मोबाईल चार्ज करतो तिथे किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावला तर वायर तापते. पडद्यापासून हातभर लांब, आणि झोपण्याआधी बंद. आमचं काम गरम पाण्याच्या पिशवीवर भागतं. पाणी उकळतं नको. पिशवी दोन तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची, मगच झाकण, आणि वर जुन्या मोज्याचं कापड. झोपायच्या दहा मिनिटं आधी अंथरुणात पायाकडे सरकवून ठेवायची.

शेंगोळी

घर कितीही बंदिस्त केलं तरी सातच्या पुढे स्वयंपाकघर हेच त्यातलं सगळ्यात उबदार ठिकाण, म्हणून थंडीत आम्ही तिथेच जेवतो. कोजागरीला आटवलेल्या दुधाने सुरुवात होते, मग बाजरी येते. बाजरीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, ठेवलं की कडवट होतं.

पण खरा थंडीचा पदार्थ हुलग्याची शेंगोळी. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, हळद, मीठ. घट्ट मळायचं. हाताला तेल लावून पोळपाटावर करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि टोकं जोडून कडी करायची. फोडणीत पाणी घालून ते खळखळ उकळलं की एकेक सोडायची; सगळी एकदम सोडली तर गोळा होतो. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी रश्शात घातलं की तो दाट होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी एक शेंगोळं तोडून बघा. मध्ये फिकट, कोरडं पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं. वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, बाजूला कांदा.

गोधडीवर बसून खायचं नाही, असं मी दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला घरात जाहीर करतो. रश्शाचा पहिला डाग दरवर्षी माझाच असतो.